लाखेचे सात थर

सारिका खोमणेने पदराची गाठ सोडून चांदीचा टाक यंत्राच्या बशीत ठेवला आणि ओशाळली. देव्हाऱ्यातला पूर्वज असा सरकारी टेबलावर! पण दुसरी वाट नव्हती. वाघधार गडाखालची वस्ती महिनाअखेर हलवायची होती. गडाच्या शिबंदीचे, म्हणजे पहाऱ्याच्या शिपायांचे वंशज तेवढे राहू शकत होते, आणि पुरावा परागवाचक देणार होता.

परागवाचक म्हणजे फार थोर यंत्र नव्हे. चिकट पदार्थात अडकलेले फुलांचे परागकण आणि मातीची धूळ तपासून, ती वस्तू केव्हा कुठे होती एवढंच ते सांगायचं. खोमण्यांची रीत त्याच्या पथ्यावर पडली. नव्या ठिकाणी देव मांडताना मूळपुरुष येसू नाईकाच्या टाकामागे ताज्या लाखेचा थर द्यायचा, ही त्यांची रीत. असे सात थर निघाले.

निबंधक कारखानीस पडद्यावरचं वाचत गेले. पहिल्या थरात वाघधारच्याच कारवीचे परागकण होते. मग कोकणच्या घाटातला गड, मग खानदेशातला कोट. दर तीन वर्षांनी मुक्काम हलला होता. कुटुंबही बरोबर असणार, कारण लाखेत चुलीची राख होती आणि एका थरात तान्ह्या बाळाला लावतात ती वेखंडाची पूड. सारिकाला भरून आलं. त्या बाळाच्या आईचं नाव कुणी कुठे लिहिलं नव्हतं, पण तिच्या चुलीची राख उरली होती.

"दावा नामंजूर," कारखानीस म्हणाले. "एकाच गडावर सलग तीस वर्षं वास्तव्य हवं. तुमचं कुटुंब भटकं दिसतंय."

सारिकाच्या अंगाची लाही लाही झाली. याच शब्दापायी इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीत धरलेल्या तिच्या पणज्याने रोज चावडीवर हजेरी दिली होती. शिपाई एका जागी रुजून फितूर होऊ नयेत म्हणून त्यांना गडोगड हलवत, हे तर याच कार्यालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. हुकूम पाळला म्हणून आता घर जाणार?

"सायेब, तुमची बदली किती वर्सांनी हुती?"

"तीन," ते सवयीने म्हणाले. त्यांचं बोट अजून नामंजुरीच्या बटणावर होतं.

"मग बायकापोरं घिऊन गावोगाव जाताना, तुमाला भटकं कोण म्हणतं?"