आधी तू डिप्पर दे

तो मोबाइल उपडा ठेव बरं. दिवे गेलेत तर जाऊ देत. डोळे अंधाराला सरावले की सगळं दिसतं. तोवर ऐका. माझ्या एका टेम्पोवाल्या मित्राची गोष्ट आहे. सगळे त्याला भडक्या म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे.

त्याची लेक तान्ह्या बाळाला घेऊन बसनं माहेरी येणार होती. तिला फाट्यावरून आणायचं, एवढंच काम. जानेवारीतला शेवटचा शनिवार, अमावास्या, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. बायकोनं बाळासाठी दुलई हातात दिली आणि बजावलं, नीट जा, वाटेत कुणाशी भांडू नका. भडक्या म्हणाला, "एवढ्या रात्री भांडायला आहे कोण रस्त्यावर?"

होतं ना. समोरून येणारं प्रत्येक वाहन.

त्याचा थोरला भाऊ याच रस्त्यावर गेला. चष्म्याच्या दुकानात चाकावर काचा घासायचा. त्या चाकानंच उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं नेलेलं. त्याचा एकच धोशा: समोरून गाडी आली की उजेड खाली पाड, डिप्पर दे. भगभगीत उजेडानं डोळ्याच्या पडद्यातला रंग विटतो, म्हणायचा, उन्हात फडकं विटतं तसा. अंधारात तो परत चढतो, पण सावकाश. तोवर माणूस डोळे असून आंधळा. आणि नेमकं त्यालाच एका ट्रकनं अप्परचा झोत तोंडावर मारून आंधळं केलं. स्कूटर ओढ्याच्या मोरीवरून खाली. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही.

तेव्हापासून भडक्यानं कुणालाही डिप्पर दिला नाही. भोगा, म्हणायचा. आधी तू दे, मग मी देतो.

त्या रात्री मोरीच्या अलीकडेच समोरून ट्रक आला. अप्पर लावून. भडक्याचं टाळकंच फिरलं. त्यानंही अप्पर ठेवला, वर चार शिव्या हासडल्या. ट्रक धडधडत निघून गेला. मागे उरला डोळ्यांपुढचा हिरवा-जांभळा डाग. स्वतःचे दिवे चालू, तरी रस्ता दिसेना. वेग कमी करायला हवा होता. केला नाही. रस्ता मला पाठ आहे, हा माज.

डागात कुणीतरी उभं होतं.

थोरला. पंजा पुढे धरलेला.

भडक्यानं नजर डावीकडे वळवली. डाग डावीकडे गेला. डोळ्यातला डाग, डोळ्याबरोबर जाणारच.

थोरला गेला नाही.

तिथेच. रस्त्याच्या मधोमध...

ब्रेक. टायर किंचाळले. इंजिन बंद पडलं. दोन्ही दिवे विझले.

"तुला मारलं त्यांनी," भडक्या बंद केबिनच्या काळोखात ओरडला. "आणि अडवतोस मला?"

...

"बोल की आता."

...

मग हळूहळू डोळ्यांत रंग चढत गेला. आधी मोरीचा चुना लावलेला कठडा. मग रस्त्याची कड. मग टेम्पोच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर...

लेक. बाळाला छातीशी दाबून, कोपरानं डोळे झाकून. बस लवकर आली, फाट्यावर फोन लागेना, म्हणून चालत निघाली होती. मागून ट्रक आला म्हणून वळून पाहिलं तर त्यानं दिपली, मग पुढून बापानं. रस्ता कुठे संपतो ते कळेना, म्हणून मधेच थिजून उभी राहिलेली.

"कोण आहे हो?" ती म्हणाली. "दिवे घालवलेत, फार बरं झालं. काहीच दिसत नव्हतं."

भडक्या दुलई घेऊन खाली उतरला.

सकाळी मेकॅनिकनं सगळं तपासलं. बल्ब ठीक, वायर ठीक. बटण दाबताच दिवे लागले. एका दिव्याच्या काचेवर हाताचा ठसा तेवढा होता. त्यानं फडकं मारलं. जाईना. घासलं. जाईना. मग वाकून निरखून पाहिलं. ठसा बाहेरून नव्हताच. बंद काचेच्या आतून होता.

"उजवा हात आहे, काका," मेकॅनिक म्हणाला. "फक्त हे एक बोट बघा... अर्धंच उमटलंय."