गीझर, अर्थिंग आणि गूळपाणी

“तुमच्या न्हाणीला खिडकी आहे का?”

मुलीशी पहिल्यांदा बोलायला जगात चांगली हजार वाक्यं आहेत. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या गीझरच्या दुकानात काउंटरमागं उभ्या असलेल्या अतिशय नावाच्या पोराला नेमकं हेच सुचलं. समोर सोनिया होती. कानांवरून स्कार्फ घट्ट बांधलेला, डिसेंबरच्या गारठ्यानं नाक लाल झालेलं, आणि दवाखान्यातल्या लॅबमध्ये ड्यूटीवर पोचायची घाई.

“खिडकीचं काय करायचंय? मला तो कोपऱ्यातला गॅसचा गीझर द्या. पाणी लगेच तापतं म्हणे.”

“तापतं की. पण बंद न्हाणीत त्याचा जळून निघालेला गॅस कोंडला तर ना दिसतो, ना वास येतो. माणूस मात्र गुंगी येऊन पडतो. खिडकी नसंल तर मी देणार न्हाई.”

“तुम्ही सेल्समन आहात की माझ्या आत्याबाई?”

“सेल्समनच हाय. मालक अजून यायचेत... तवर आत्याबाई समजा.”

असं म्हणून तो मान खाली घालून हसला. सोनियाला हसायचं नव्हतं, तरी हसू आलंच. आता खिडकी खरंच नव्हती, त्याला ती काय करणार?

“मग सोलर द्या.”

“घर कुठं हाय?”

“अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला.”

“हिवाळ्यात ऊन कवा येतं गच्चीवर?”

ती घुटमळली. “किल्ल्याची सावली हटायला दहा वाजतात.”

“म्हंजे पाणी जेमतेम तापायचं आणि रातभरात निवायचं. घरात पहिली आंघोळ कुणाची?”

“आबांची. पहाटे पाचला. फौजेत होते ते...”

आता दोघंही हसले.

आबा म्हणजे बिरदेव, तिचे वडील. माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरातला हा गडी फौजेत गेला, हवालदार होऊन परतला आणि साताऱ्यात घर बांधून राहिला. सोनियाची आई गेल्यापासून घरात दोघंच. रोज पहाटे आबा तांब्याचा बंब पेटवायचे, फुंकर घालताना खोकून खोकून बेजार व्हायचे, आणि पहिलं कढत पाणी लेकीसाठी काढून ठेवायचे. यंदा बंबाला चीर गेली. तांबटानं हात टेकले. सोनियाला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही झालं. आबांचा तो खोकला तिला भिंतीपलीकडून ऐकवत नव्हता.

गीझर काही त्या दिवशी ठरला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, टाकी कितीची घ्यावी हे विचारायला. तिसऱ्या दिवशी बोअरच्या पाण्याचे क्षार टाकीत साठतात का, हे विचारायला. त्यानंतर विचारायला काही उरलं नाही, तरी गेली. दवाखान्याचा रस्ता तिकडून नव्हता, हे तिनं सोयीनं विसरून टाकलं.

तोही काही कमी नव्हता. मालक समोर असले की “मॅडम, वॉरंटीचं सांगायचं राहिलं” म्हणून तिला रस्त्यापर्यंत सोडायला यायचा आणि वॉरंटी सोडून सगळं बोलायचा. तो सांगलीकडचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. गावी ऊस, दोन म्हशी, आणि गुणमाला नावाची आई, जी लाकूड चुलीत घालण्याआधी झटकून बघते, आत मुंगी-किडा नको म्हणून. हे सांगताना त्याचा आवाज मऊ झाला. सोनिया त्या आवाजाकडेच बघत राहिली... म्हणजे त्याच्या चेहऱ्याकडे.

शेवटी विजेचा टाकीवाला गीझर घ्यायचा ठरला आणि दुकान बंद करून तो घर बघायला आला. बाहेर अंधारलं होतं. त्यानं न्हाणी बघितली, मीटर बघितला आणि मान हलवली.

“आबा, घराला अर्थिंगच न्हाई. आधी खड्डा काढून अर्थिंग करू, मग गीझर. न्हाईतर एखाद्या दिवशी पाण्यातनं झटका बसायचा.”

“करू की,” आबा म्हणाले. पोरगा त्यांना आवडला होता, हे सोनियाला त्यांच्या मिशीवरून कळलं. आबा स्वतः आत गेले आणि गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. “घ्या. थंडीचं आलाय.”

“नको आबा. आत्ता नको.”

“आवं, घोटभर तरी.”

“खरंच नको,” तो संकोचून म्हणाला. हात जोडले, बूट घातले आणि गेला.

आबा तांब्याकडे बघत बसले. दारी आलेल्यानं गूळपाण्याला हात लावला नाही, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं.

“आमच्या घरचं पाणी चालत न्हाई म्हणायचं,” ते हळूच म्हणाले. “असू दे. गीझर दुसरीकडनं घेऊ. आणि बाय... तुजं त्या दुकानात जाणं मला कळत न्हाई असं न्हाई. पर जिथं आपलं पाणी चालत न्हाई, तिथं तुला कसं धाडू?”

इतके दिवस सोनियानं स्वतःशीसुद्धा जे नीट कबूल केलं नव्हतं, ते आबांनी एका वाक्यात मांडलं आणि त्याच वाक्यात मोडूनही टाकलं.

सकाळी ती दुकानात गेली ती भांडायलाच.

“ऑर्डर रद्द करा.”

“का? काय झालं?”

“आमच्या घरचं पाणी चालत नाही, तर आमची ऑर्डर तरी कशाला चालते तुम्हाला?”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली वायर त्यानं खाली ठेवली.

“सोनिया...” तो पहिल्यांदाच मॅडम म्हणायचं विसरला. “दिवस मावळला होता ना. मी वर्षाचा नियम घेतलाय—सूर्य मावळल्यावर अन्न न्हाई, पाणी न्हाई. आईच्या हातचंसुद्धा न्हाई.”

“मग तसं सांगायचं की तोंडानं.”

“आमच्या गावात कुणाला सांगावंच लागत न्हाई. दिवे लागायच्या आत घरोघरी ताटं उचललेली असतात. इथं सांगावं लागतं हे... ध्यानातच आलं न्हाई माझ्या. आबांना लय लागलं का?”

“आबांना लागलं. आणि मला...”

तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते त्याच्यापासून लपवायचेही नव्हते.

“रविवारी येतो,” तो म्हणाला. “उजेडी.”

रविवारी सकाळीच तो पहार घेऊन हजर. सोनियानं आबांना सगळं सांगितलं होतं, पण आबांचा चेहरा काही सैल झाला नव्हता. ते नुसते अंगणात येऊन उभे राहिले. अतिशयनं खणायला घेतलं. किल्ल्याचा मुरूम, पहार टणाटण उडत होती. आबांनी थोडा वेळ बघितलं आणि मग फावडं उचललं.

“पहार अशी धरत्यात व्हय रं?”

मग दोघंही खणत राहिले. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं खड्ड्यात बसलं, तोवर उन्हं डोक्यावर आली होती. घामेजलेला, मातीनं माखलेला तो आबांसमोर उकिडवा बसला.

“आबा, पाणी द्या की. आणि भाकरी असंल तर तीबी. सकाळपासनं उपाशी हाय.”

आबा उठले. त्यांनी पाणी आणलं, आणि तो तांब्या रिकामा करेपर्यंत समोर उभे राहिले. मग एकदम खाली बसून म्हणाले, “आणखी आणू?”

“आणा.”

सोनिया चुलीकडे वळली, कारण तिला आता रडू येत होतं. वांग्याचं भरीत करायचा तिचा बेत होता, पण त्याला वांगं चालायचं नाही म्हणून तो बदलून तिनं लसूण-कांदा न घालता मटकीची उसळ केली. तो तीन भाकरी जेवला.

दुपारी त्यानं गीझर आणून बसवला, आणि संध्याकाळी त्याचा लाल दिवा लागला. न्हाणीच्या दारात दोघं शेजारीशेजारी उभे होते.

“पुढच्या महिन्यात मालक मला त्यांच्या सांगलीच्या दुकानात पाठवणारेत,” तो म्हणाला.

“मग हा बिघडला तर?”

“न्हाई बिघडायचा.”

“एवढा भरवसा?”

“गीझरचा हाय. माझा मात्र... न्हाई. तिथं गेलो तर काही सुचायचं न्हाई मला.”

सोनियानं दाराची चौकट घट्ट धरली. “मलापण इथं काही सुचणार नाही. मला तुम्ही आवडता, अतिशय. गीझर पहिल्याच दिवशी ठरला असता, मीच ठरू दिला नाही.”

तो म्हणाला, “आईला सांगितलंय मी. तिनं विचारलं, ते लोक मटण खातात का? मी म्हटलं, खातात. ती गप्पच बसली. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, मुलगी दाखव तरी.”

पाठीमागं आबा खाकरले. ते कधीपासून तिथं उभे होते, देव जाणे. दोघंही चोरी पकडल्यासारखे बाजूला झाले.

“मटणाचं बघू आपण,” आबा म्हणाले. “सोनिया, सांगलीची सकाळची एसटी किती वाजता हाय ते बघून ठेव.”

“सकाळची कशाला, आबा? दुपारी निघालो तरी...”

“दुपारी नको. दिवस मावळायच्या आत पोचाय पायजे. पोरीकडची माणसं पयल्यांदा जाणार, आणि त्यास्नी आपल्याबरोबर जेवता आलं न्हाई तर बरं दिसंल का?”