रिकाम्या सीटवरची छत्री

उतारू अजून तासभर तरी येत नाहीत. देवळापुढच्या बाजारात हादडून पोटं तट्ट झाल्याशिवाय जहाजावरची माणसं परत फिरत नाहीत, हे मी आयुष्यभर बघतोय. तेव्हा या, सरका जवळ. खाई, तू नवा ड्रायव्हर, तू पाण्याकडे पाठ करून बस. का, ते कळेल. पिन, तू हसू नकोस बाबा, तुझं लग्न व्हायचंय अजून. मुली दात बघतात.

ही आपल्या बूनची गोष्ट. बून-हिओंग. मधला भाग त्यानं सांगितला, शेवट मी या डोळ्यांनी बघितला. खोटं वाटलं तर त्या सू आजीला विचारा, ती माशाच्या गोळ्यांचं सूप विकतेय ना, तिला. पण आज नको. आज विचारलंत तर पळी फेकून मारेल.

बून मधल्या तैवानातला, तैचुंगकडचा. त्याला पाणी म्हणजे नळातलं. बायको इथली जीलोंगची मिळाली म्हणून आला आणि गाडी घेतली. मागे सहा माणसं, पुढे त्याच्या शेजारी एक. नवीकोरी. पुढच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा नाही लावला की टिंग टिंग वाजायची. बूनला त्याचं कोण कौतुक! "काका, तुमच्या खटाऱ्यात आहे का असं?" म्हणायचा. मी म्हणायचो, "माझ्या खटाऱ्यात बायको आहे, ती वाजते."

दोन वर्षं झाली. सातवा महिना, चौदावी रात्र. आजचीच. मेलेले महिनाभर मोकळे सुटलेले असतात, आणि बुडालेल्यांना वाट दिसावी म्हणून लोक कागदी घरं पेटवून समुद्रात सोडतात. उतारूंना तेच बघायचं असतं. जहाज रात्री एकला सुटणार होतं. आणि ऐका, त्या रात्री पाऊस नव्हता. बारा महिने गळणाऱ्या जीलोंगमध्ये पाऊस नाही! आम्ही एकमेकांना चिमटे काढून बघत होतो.

बूनला एक जपानी कुटुंब मिळालं, हिरानो नावाचं. सहा जण. एक म्हातारा, त्याची मुलगी, जावई, बाकी गोतावळा. सगळे मागे बसले. पुढची सीट रिकामी.

आता या महिन्यात गाडीत जागा उरली तर आपण काय करतो? खाई, सांग. बरोबर. गप्प बसतो, आणि त्या सीटवर छत्री ठेवतो. छत्री ठेवली की जागा बंद. मेलेल्यानं आत यायचं नाही. माझ्या बापानं मला शिकवलं, त्याला त्याच्या बापानं.

आणि बूननं काय केलं? धक्क्याच्या अगदी कडेला गेला, तोंडापुढे हात धरले आणि पाण्याकडे बघून ओरडला, "एक जागा आहे! एकच! कुणी येतंय का?"

धक्क्यावरचे सगळे वळून बघायला लागले.

सू आजी किंचाळली, "मेल्या, छत्री ठेव आधी सीटवर!"

"माझ्याकडे छत्रीच नाही, आजी. आणि हवीय कशाला, पाऊस कुठाय?" असं म्हणून हसत गाडीत बसला.

आणि गाडी वाजायला लागली. टिंग टिंग.

पुढची सीट रिकामी, आणि गाडी वाजतेय. बूनला वाटलं, बिघडली. रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकावा म्हणून त्यानं ओढला, तर पट्टा येईना. कुणी पाठीखाली दाबून धरावा तसा. बरं, वाजू दे, म्हणाला आणि निघाला. जुनी गल्ली दाखवली, रंगीत घरं दाखवली, टेकडीवरून दिवे दाखवले, आणि सगळीकडे टिंग टिंग. म्हातारे हिरानो हसून म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमची गाडी जपानी. उगाच नाही ओरडत." बूनसुद्धा हसला. पण सीटवर हात ठेवला तर गार. ओली नाही. नुसती गार.

किनाऱ्यावर ही गर्दी! कागदी घरं पेटून लाटांवर चाललेली, भटजी घंटा वाजवतायत, फटाके. मंडळी उतरली, फोटो काढून झाले. बूननं हाका मारल्या, अंधारात सगळे धावपळीत चढले. आरशात डोकी मोजली. सहा. दार लावलं, गाडी सुरू केली.

गाडी वाजली नाही.

बूनला काय आनंद झाला म्हणता! सुटलो, म्हणाला. दुरुस्त झाली आपोआप. शीळ घालायला लागला. मुलगी, जावई दमून पेंगत होते. जहाजाला अजून वेळ होता.

मग बोगदा आला. बोगद्यात उजेड.

बूननं आरशात बघितलं.

डोकी सहाच. पाच पेंगणारी. सहावं मागच्या कोपऱ्यात, म्हाताऱ्याच्या जागी. केस ओलेचिंब. आणि त्याचं तोंड… तोंड मागच्या काचेकडे. समुद्राकडे.

शीळ थांबली.

पुढची सीट का वाजत नाही, ते तेव्हा कळलं त्याला. पुढचा उतरला होता. मागे जाऊन बसला होता. आणि म्हातारा…

बूननं बोगद्याच्या तोंडाशी गाडी वळवली. पोरीनं विचारलं, "काय झालं? बाबा, काय हो…" मागे वळली. कोपऱ्यात कोणी नव्हतं. आणि पुढची सीट वाजायला लागली. जोरात.

किनाऱ्यावर परत कसा गेला, त्यालाच ठाऊक. हिरानो छातीभर पाण्यात होते. कागदी घर केव्हाच जळून गेलेलं, तरी हात पुढे करून चाललेले. बून कपड्यांसकट घुसला. म्हातारा मूठभर, पण ओढवेना. खालून कुणीतरी पाय धरावे तसं. बूननं शिव्या घातल्या. चांगल्या तैचुंगच्या, कचकचीत. आणि सुटले.

म्हातारबुवा जहाजावर पोचले, ते जिवंत आहेत, नवीन वर्षाला सू आजीला कार्ड पाठवतात. त्यांचं सोडा.

बून इथे येऊन बसला. आत्ता पिन बसलाय ना, तिथेच. अंगातून पाणी गळतंय, हातात सूप, आणि सगळं सांगितलं. आजीचं तोंड पांढरं.

"बुडालेल्याला सुटायचं तर आपल्या जागी दुसरा द्यावा लागतो, माहितीये ना रे?" ती म्हणाली. "तू बोलावलंस, गाडीत बसवलंस, आणि मग तोंडचा घास काढून घेतलास. आज त्या गाडीला हात लावू नको. चालत देवळात जा. तिथेच झोप."

बूननं मान हलवली. ऐकणार होता. खरंच ऐकणार होता.

गाडी तिथे, त्या तिसऱ्या खांबाशी उभी. बंद. किल्ली बूनच्या खिशात.

टिंग टिंग.

आम्ही सगळ्यांनी पाय वर घेतले. मीसुद्धा. हसताय काय, मीसुद्धा!

टिंग टिंग. टिंग टिंग.

"माझी गाडी आहे," बून उठला. "मी बोलावलं, मीच उतरवतो."

आजीनं त्याची बाही धरली. तिच्या मुठीत नुसतं पाणी आलं.

तो गेला. शेजारचं दार उघडलं. अदबीनं वाकला, आपण उतारूंपुढे वाकतो तसा. "मुक्काम आला. उतरा."

आवाज थांबला.

बूननं आमच्याकडे बघून हात हलवला. हसला. दार लावलं. पलीकडून फिरून आपल्या सीटवर बसला, गाडी घरी न्यायला. दार लावलेलं ऐकलं आम्ही.

मग पुन्हा… टिंग टिंग.

मग पट्टा लागल्याचा आवाज. खट्.

मग काही नाही.

"बून," मी हाक मारली.

पुन्हा मारली.

आम्ही धावलो. काचा आतून धुरकटलेल्या. चारी दारं आतून बंद. आजीनं पळीनं काच फोडली.

बून नव्हता. पाणबुडे आठ दिवस खाली उतरले, बूटसुद्धा मिळाला नाही. त्याची बायको अजून येते या धक्क्यावर. तिच्यासमोर ही गोष्ट काढायची नाही, कळलं?

शेजारची सीट कोरडी होती. पट्टा लागला होता तो ड्रायव्हरच्या सीटचा. आणि त्याच्याखाली, सीटवर, आडवी, एक छत्री.

आमच्यातल्या कुणाची नव्हती ती. जुनी, बांबूच्या दांडीची, कापड कुजलेलं. दांडीवर शिंपल्यांचे थर चढलेले.

पाणी ठिबकत होतं तिच्यातून.