कोरडी भरती

उमापूरच्या खालच्या तलावाचं पाणी पौषात निम्म्यावर येतं आणि काठाचा काळा गाळ उघडा पडतो. थंडीतले पाहुणे पक्षी त्या गाळावर उतरतात. गेवराईची वर्षाराणी तिथं पक्षी मोजायला आली, तेव्हा तिला सगळं ओळखीचंच होतं: शेकाटे, तुतवार, टिलवे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना तिनं दोन हिवाळे कोकणातल्या खाडीवर काढले होते. पाठमोरा पक्षीही तिला नुसत्या चालीवरून कळायचा.

दशमीला सकाळी आठ दहाला सगळा थवा पाण्याकडं पाठ करून चढाला लागला. ऐंशी पावलं कोरड्यात चालला, एका रेषेत थांबला आणि एका पायावर उभा राहिला. थोड्या वेळानं तसाच खाली परतला. तलावाचं पाणी तसूभरही हललं नव्हतं.

एकादशीला हेच नऊ वाजता. द्वादशीला नऊ पन्नासला. आणि रोज आणखी वर.

रोजची ही पन्नास मिनिटं तिला पाठ होती. खाडीवर भरती रोज तेवढीच उशिरा येते. पण समुद्र इथून तीनशे किलोमीटर!

थवा थांबायचा तिथं तिनं खुंट्या ठोकल्या आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून पातळी पाहिली. काठ वेडावाकडा होता, तरी एका दिवसाच्या साऱ्या खुंट्या नेमक्या एका उंचीवर आल्या. वर्षाराणीला भीती वाटली नाही. असं काही मोजणारी आपण पहिलीच, याचा आनंदच झाला.

चतुर्दशीला थवा धुळाजी मेंढपाळाच्या वाघुरीपासून वीस पावलांवर थांबला. वाघूर म्हणजे जाळ्याचं कुंपण. रात्री मेंढरं त्यात बसायची, शेताला खत मिळायचं. दिवसा आत फक्त पिल्लं असायची.

संध्याकाळी धुळाजीच्या बायकोनं, दगडाबाईनं, विषय काढला. "पाखरं तर दारात यायलीत. वाघूर उचलावी म्हंते मी."

"कावून? तुझ्याकडं जेवाया यायलीत का?" धुळाजी हसला.

"हसा! पिल्लं मला संभाळावी लागत्यात, तुमाला न्हाई."

"चार दिसाची पिल्लं कुठं हिंडवती? आन शेतमालकाला आणखी दोन राती मेंढरं बसवायचा सबूद दिलाय. ताई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा."

"निवांत राहा, मामा," वर्षाराणी म्हणाली. "पाखरं भरतीची वेळ पाळतात एवढंच. पाणीच नाही, तर बुडणार काय?"

पौर्णिमेला धुळाजी मोठी मेंढरं घेऊन माळावर गेला. वाघुरीत बावीस पिल्लं होती. बारा वीसला थवा खुंट्या ओलांडून पुढं आला, जाळ्याखालून आत शिरला, पिल्लांमधून वर निघून गेला.

पिल्लांचं ओरडणं थांबलं. तोंडं उघडत होती, आवाज येत नव्हता.

मग बावीस माना वर ताणल्या गेल्या. नाकं आभाळाकडं. पाय जागच्या जागी चालत होते. धूळ उडत नव्हती.

दगडाबाई आत धावली. चौथ्या पावलाला तिचा वेग गेला. वारा नव्हता, तरी तिचा पदर खांद्यावरून उठला आणि हळूहळू तिच्याभोवती पसरला.

"धर!" तिनं एक पिल्लू डोक्यावर उचललं.

वर्षाराणीनं वही टाकली. चढाकडच्या बाजूनं जाळ्यावरून वाकून ती एकेक पिल्लू घेत, वर सोडत गेली. शेवटच्या पिल्लासाठी दगडाबाई खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. ती समोर दिसत होती. डोळे उघडे, गाल फुगलेले. मग ती पिल्लू डोक्यावर धरून उठली.

पाऊण वाजता थवा खाली परतला.

बावीसच्या बावीस जिवंत होती. वर्षाराणीनं प्रत्येकाच्या लोकरीत बोटं घालून पाहिली. कोरडी ठाक.

"एक बी गेलं न्हाई," दगडाबाई धापा टाकत हसली. "लिही तुझ्या वहीत."

संध्याकाळी भरल्या सडांनी मेंढ्या ओरडत आल्या. पिल्लांना हुंगलं आणि तोंड फिरवलं. एकीनं लाथ मारली. मेंढी आपलं पिल्लू वासावरूनच ओळखते.

"वासच न्हाई राहिला यास्नी," धुळाजी म्हणाला. "धुतली का काय?"

त्याच्या मागून आलेला कुत्रा दगडाबाईजवळ गेला, तिची पावलं हुंगली, मागं सरला आणि परक्या माणसावर गुरगुरावं तसा गुरगुरू लागला.

दगडाबाई त्याला नावानं बोलावत राहिली.