दीड हात राहिलेलं लुगडं

तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या त्या गल्लीत एक रिवाज होता. मागावर बसलेल्या माणसाला जेवायला हाक मारायची नाही. माग थांबला की समजायचं आणि ताट वाढायचं. जनाबाईंनी बावन्न वर्षं नवऱ्याचं, जागेश्वरचं, ताट असंच वाढलं, आणि तो जेवल्याशिवाय स्वतः कधी घास घेतला नाही.

म्हणून जागेश्वरच्या तेरवीचे पाहुणे पांगल्यावर, दुपारचे दोन वाजले तरी आई ताटावर बसेना, तेव्हा मुलाला, पंकजला, वाटलं, दुःख आहे, ओसरेल हळूहळू.

"आई, जेव ना वं."

"थांब जरासा. तुये बाबा काम करून राहिले. ते उठले की जेवतो."

पंकज खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये बसणारा माणूस. काटा हलला तर त्याला कारण असतंच, एवढाच त्याचा धर्म. आईचं मन हललंय, हे तर उघडच होतं. पंचाईत एवढीच की मागच्या खोलीतून तो आवाज त्यालाही येत होता. खट्, सर्र, खट्.

त्याने आधी शेजारच्या कवडूला त्याचा पॉवरलूम बंद करायला लावला. आवाज चालूच. दार उघडलं की मात्र चिडीचूप. खोलीत सुताचा नि खळीचा वास, मागाखालच्या खड्ड्यात पायाने दाबायच्या दोन पावड्या, आणि मागावर पंकजच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्नासाठीचं लाल काठाचं लुगडं. दीड हात विणायचं राहून गेलेलं. दार लावून तो ओट्यावर येतो न येतो तोच पुन्हा खट्, सर्र, खट्.

दुसऱ्या दिवशी त्याने टेप लावून मोजलं. चार बोटं कापड वाढलं होतं. त्याने ते वहीत लिहून ठेवलं. दुसरं काय करणार बिचारा!

दिवेलागणीला माग थांबायचा. ताट पुढे केलं की आई म्हणायची, "जेवले कुठं? तसेच गेले." चार घोट चहावर सहा दिवस निघाले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, आजार काहीच नाही, पण पोटात अन्न गेलं नाही तर आई हातची जाईल.

ऋतुजाला पंकजने सगळं सांगून टाकलं. ती घाबरली नाही. तिला काय भीती! लहानपणी आजोबाच्या मांडीवर बसून, पाय खड्ड्यात सोडून तिने अख्ख्या दुपारी काढल्या होत्या. ती मुसमुसून रडली आणि म्हणाली, "बाबा, आजोबा माझं लुगडं पुरं करून राहिले. करू द्या ना त्याइले."

वडिलांशी पंकज शेवटचं बोलला होता ते हेच, "काहून मरता त्या खड्ड्यात? भंगारात विकून टाका तो माग." म्हातारा हसला होता. "पोरीचं लुगडं होऊ दे गा, मग वीक." सहाव्या दिवशी तो गेला. तेव्हापासून ते हसू पंकजच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

नवव्या दिवशी आवाज बदलला. मधली सर्र गेली. नुसतं खट्, खट्, खट्.

पंकजने दार उघडून आडवं सूत नेणारा धोटा हातात घेतला. आतली सुताची कांडी रिकामी होती. कांडी भरायचं काम जन्मभर जनाबाईंचं, आणि आता त्यांना कूसही बदलवत नव्हती.

बिनसुताचा तो कोरडा धोटा संध्याकाळी थांबला नाही. सकाळीही थांबला नाही. आईने डोळे उघडले नाहीत.

तेव्हा पंकज कांड्या भरायच्या चरख्यासमोर बसला. बाराव्या वर्षी याच चरख्यापासून तो पळाला होता, पुन्हा हात लावणार नाही म्हणून. सूत हातातून निसटत होतं. "चुकलं माझं, बाबा," तो मोठ्याने म्हणाला, आणि पोटभर रडला. कांडी कशीबशी भरली. सैल झाली होती, लहान पोरानेही नावं ठेवली असती. ती धोट्यात बसवून तो बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

शांतता.

मग, खट्, सर्र, खट्.

दुपारी दीडला माग थांबला.

आईने डोळे उघडले. "झालं त्याइचं," ती म्हणाली. "वाढ गा आता."

तिने बाबांचं ताट वाढायला लावलं, घटकाभर त्याच्याकडे पाहिलं, आणि मग स्वतः दीड भाकर खाल्ली. वर ठेचाही मागितला. ऋतुजा हसत होती, रडत होती. पंकजला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याने माफ केलं होतं, आणखी काय पाहिजे?

कापड उतरवायला तो खड्ड्यात उतरला. लुगडं पुरं झालं होतं, काठ सरळ, कुठे खोट नाही. बसायच्या फळीवर सुताचा एक छोटासा गुंता काढून ठेवलेला दिसला. त्याने भरलेल्या कांडीचं सैल सूत. बाबा असलं सूत दाताने तोडून बाजूला टाकायचे.

"म्हातारा काही सुधरला नाही," पंकज हसून म्हणाला, आणि त्याने गुंता उचलला.

सुताचं तुटलेलं टोक अजून ओलं होतं.