उसातले बिबटे, सारखी दोन उत्तरं

"माझ्या पोरीला चोर म्हणत्यात, ताई," डिंगोरे गावचे हौशीराम खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले.

नारायणगावच्या खासगी गुप्तहेर उज्ज्वला डुंबरे यांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. मदतनीस गोरख बिस्किटं संपवत होता. त्याची ट्यूब जरा उशिराच पेटते.

हौशीरामांची प्राची कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. चिकित्सक वाचनाच्या स्पर्धेत एका लेखावर मत लिहायचं होतं. लेख म्हणत होता, ऊसतोडणीत बिबटे जास्त दिसतात, म्हणजे तेव्हा ते वाढतात. प्राचीचं आणि तिच्याच वर्गातल्या सयाजीचं उत्तर शब्दशः एकच निघालं: 'तोडणीत शेतात माणसंच जास्त असतात. जास्त दिसले, म्हणजे वाढले असं म्हणता येत नाही.' दोघांनी ते वाचनालयात एकाच टेबलावर लिहिलं होतं आणि दोघंही मध्ये उठले होते.

सयाजी दरवर्षी पहिला येणारा. त्यामुळे प्राचार्यांचा संशय प्राचीवरच. आज उलगडा झाला नाही, तर तिचं नाव स्पर्धेतून कटणार आणि कपाळी चोरीचा शिक्का बसणार होता.

उज्ज्वलाताईंनी कॉलेजात जाऊन दोघांना वेगवेगळं बसवून त्यांचं म्हणणं विचारलं. सयाजी घडाघडा बोलला. लेखक साफ चुकलाय, तोडणीत बिबटे वाढतच नाहीत, हे आपण सिद्ध केलंय म्हणाला. प्राची मात्र म्हणाली, वाढतही असतील, तिला माहीत नाही.

"गेली की हो पोरगी," गोरख कुजबुजला. "सोताच्या उत्तरावर ठाम न्हाई."

ताईंनी सगळ्यांना प्राचार्यांसमोर बसवलं.

"उत्तर पुन्हा वाचा, सर. बिबटे वाढत नाहीत, असं त्यात कुठं आहे?"

कुठंच नव्हतं.

"लेखकाचा पुरावा पुरत नाही, एवढंच त्यात म्हटलंय. ज्यानं हा विचार केला, त्याला माहीत असतं की लेखकाचं म्हणणं खरंही असू शकतं. प्राची तेच बोलली. सयाजीनं वाक्यं उचलली, अर्थ राहिला."

सयाजीची मान खाली गेली. प्राची पाणी प्यायला गेल्यावर मोबाइलवर तिच्या उत्तराचा फोटो काढल्याचं त्यानं कबूल केलं.

प्राचार्य ओशाळले. ताईंनी तुझी बाजू सिद्ध केली, असं ते प्राचीला म्हणाले.

"तसं नाही, सर," प्राची म्हणाली. "सयाजीला अर्थ कळला नव्हता, एवढंच ताईंनी दाखवलं. चोरी सिद्ध झाली ती त्याच्या कबुलीनं."

उज्ज्वलाताईंना आयुष्यात कुणी असं खोडून काढलं नव्हतं, आणि इतका अभिमानही कधी वाटला नव्हता. हौशीरामांना बोलणं फारसं उमगलं नाही, पण त्यांनी छाती पुढं काढून गोरखला सांगितलं, "माझी पोरगी हाय."