हत्तीची मिशी आणि मागचं दार

जिन्याच्या वळणावर मी त्याच्यावर अक्षरशः आदळले. त्याच्या हातातल्या वायरी माझ्या पायात, आणि माझा सगळा राग त्याच्या डोक्यावर!

"तुम्हीच ना ते नवे सिस्टिमवाले? माझ्या हत्तीला मिशी कोणी काढली?"

"हत्तीला... मिशी?" त्याने ओठ घट्ट दाबले, पण हसू डोळ्यांतून सांडलंच.

मी अ‍ॅनिमेशन स्टुडिओत चित्रं काढते. हत्तीच्या पिल्लाची गोष्ट हे माझ्या एकटीवर सोपवलेलं पहिलंच काम. स्क्रीन लॉक करून जेवायला गेले, आले तेव्हाही लॉकच होती. घाईत न बघताच चित्र ग्राहकाला पाठवलं — आणि पिल्लाला ही झुबकेदार मिशी! सर कडाडले, "लॉक होती म्हणतेस, मग मिशी काय आपोआप उगवली? काम दुसऱ्याला देतो."

"चला, बघू," तो म्हणाला.

त्याने मला स्क्रीन लॉक करायला लावली. मग तीन बटणं एकदम दाबली. पडदा काळा, वर पांढरी अक्षरं. काहीतरी टाइप केलं... आणि माझा हत्ती समोर हजर! पासवर्डशिवाय!

"अगं बाई!"

"या लिनक्स सिस्टिमवर तुम्ही आधी काळ्या पडद्यावर पासवर्ड देता, मग डेस्कटॉप, म्हणजे हा चित्रांचा पडदा, सुरू करता. कुलूप लागतं फक्त डेस्कटॉपला. मागचा पडदा तुमच्या नावाने उघडाच राहतो. तिथून कुलूपच बंद पाडता येतं, आणि काम झालं की पुन्हा लावता येतं."

"म्हणजे पुढच्या दाराला कडी आणि मागचं दार सताड उघडं! मग मिशी तुम्हीच—"

"मी काढली असती तर जरा बरी नसती का काढली?"

मला हसू फुटलं. तो मात्र तडक सरांच्या टेबलापाशी गेला, मी मागोमाग. "सर, यांची चूक नाही. मशीन मी लावल्या. फट माझ्या नजरेतून सुटली." तेवढ्यात रंगकाम करणाऱ्या ताई रडवेल्या होऊन उठल्या, "मीच गं... जुन्या ऑफिसात शिकले होते ही युक्ती. तू बघशील, हसशील, पुसशील, असं वाटलं."

सरांनी कपाळाला हात लावला, आणि काम माझ्याकडेच राहिलं.

त्याने लगेच माझ्या मशीनवर दोन गोष्टी केल्या. त्या तीन बटणांची युक्ती निकामी केली, आणि डेस्कटॉप सुरू झाला की मागे काहीच उघडं राहणार नाही असं केलं. "आता हे कुलूप तोडून दाखवा!" मी दहाही बोटं आपटली. लॉक ढिम्म. त्याची बाही माझ्या मनगटाला निसटती लागली... आणि मी कुठलं बटण दाबत होते तेच विसरले.

मग तो रोज यायचा. "जरा तपासतो हं."

एका संध्याकाळी मात्र बॅग खांद्याला लावून आला. "सगळ्या मशीन झाल्या. इथलं काम संपलं." जाईना मात्र. "एक सांगू? तुमची मशीन पहिल्याच दिवशी पक्की झाली होती. नंतरचे फेरे... उगाच."

"ठाऊक आहे. रोज तपासायला येणारा माणूस कीबोर्डला हातसुद्धा लावत नाही!"

त्याचे कान लालबुंद. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते आणि तपासणी थांबली असती तर?"

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "म्हणजे... तुम्हालाही—"

"हो. मलाही. आणि आता ते 'तुम्ही' पुरे!"

"बरं," तो चाचरत म्हणाला, "तू... चहाला येतेस?"

अख्खा स्टुडिओ कान देऊन ऐकत होता. ऐकू दे! सगळ्यांच्या देखत मी त्याचा हात धरला.